काम येत नसल्याचा दाखला

सान पांक्रासियो, कोस्टा रिका
८ डिसेंबर १९९७

प्रिय मार्लिस,

बर्फ पडला का? पहिल्याच ओळीत विचारतो, कारण हा प्रश्न मायेचा नसून पोटाचा आहे हे तुला ठाऊक आहे. तुमच्या मिनेसोटात जेवढा पडतो तेवढ्यावर मी इथे जेवतो. बहिणीच्या दारात हिमवादळ यावं म्हणून रोज प्रार्थना करणारा भाऊ जगात मी एकटाच असेन, आणि हे तिलाच लिहून कळवणारा तर नक्कीच एकटा.

परवा वकीलबाई सिनियांकडे गेलो होतो. एप्रिलअखेर माझा राहायचा परवाना संपतो. पुन्हा अर्ज, पुन्हा बँकेचं पत्र. कागदावर माझं वर्णन 'परदेशातून स्वतंत्र उत्पन्न असलेला रहिवासी' असं आहे. म्हणजे पैसे बाहेरून आणायचे, इथे खर्च करायचे, आणि इथे छदामही कमवायचा नाही. बाईंनी विचारलं, "उत्पन्नाचं साधन एका ओळीत सांगा." मी म्हटलं, "बर्फ उपसायच्या फावड्याचा वाकडा दांडा. विकल्या जाणाऱ्या दर फावड्यामागे कारखाना मला थोडे सेंट देतो." त्यांनी पेन खाली ठेवलं. सहा वर्षं झाली, बाई दर वेळी पेन खाली ठेवतात. "आणि तो दांडा तुम्ही वाकवलात कसा म्हणे?" खरं ते सांगितलं, की फावड्यावरून ट्रक मागे घेतला. गाडी चालवता येत नसल्यामुळे लागलेला जगातला हा एकमेव शोध असावा.

आता खरी बातमी. मी कॉफी तोडली.

शेजारच्या डॉन एलादियोच्या मळ्यात यंदा फळं एकदम लाल झाली आणि माणसं कमी पडली. शाळेला सुट्टी, त्यामुळे मास्तर डॉन खेरार्दोसुद्धा कमरेला टोपली बांधून उतरले. सगळा गाव झाडांत, आणि मी ओसरीत खुर्ची टाकून स्वतंत्र उत्पन्न घेतोय. बघवेना. गेलो. सहा दिवस तोडली, अकरा मापं भरली. माझ्या बाजूच्या ओळीत डोन्या चेपा होती (इथे पुरुषाला मानाने डॉन म्हणतात, बाईला डोन्या), वय वर्षं बहात्तर. तिची अकरा मापं एका दिवसात होतात, तीही गप्पा मारत.

शनिवारी मजुरीची रांग लागली. मी बाजूला सरकलो तर एलादियो म्हणाला, "अहो डॉन ऑरिन, हात पुढे करा."

"राहू द्या हो. मी शेजारी म्हणून आलो होतो."

"शेजारी म्हणून यायचं तर गुळाचं पाणी प्या नि घरी जा. टोपली बांधलीत ना? मग मजुरी घ्यायची. आज तुम्ही फुकट तोडाल, उद्या मोठे मळेवाले म्हणतील, तो गोरा फुकट तोडतो, तुम्ही कसले पैसे मागता? माझ्या मळ्यात हे चालायचं नाही."

घेतले. आपल्या हिशेबात सोळा डॉलर. इतकी लाज वाटून इतके थोडे पैसे कुणी घेतले नसतील. पण खरं सांगू? त्या रांगेत चेपाच्या मागे उभा होतो तेव्हा मी फार खूश होतो. कित्येक वर्षांत झालो नव्हतो एवढा.

कंबर धरली आहे. हसू नकोस.

तुझा
ऑरिन


आर्डल लेक, मिनेसोटा
२७ डिसेंबर १९९७

प्रिय ऑरिन,

हसले. दोनदा.

तुझी प्रार्थना वर पोचलेली दिसत नाही. नाताळ होऊन गेला तरी अंगणात गवत दिसतंय. हत्यारांच्या दुकानात तुझी फावडी भिंतीला टेकून उभी आहेत. मी दोन घेतली. आधीची तीन गॅरेजात आहेतच. एकटी विधवा बाई, पाच फावडी, आणि बर्फ चमचाभर.

नाताळचा मासा नेहमीसारखा क्षारात भिजवून केला. अंदाज अजून चार माणसांचाच राहिलाय. आई नाही, माझा व्हर्लिन नाही, तू नाहीस. रोज मीच खाते आहे. घराला असा वास सुटलाय की वर्तमानपत्रवालाही पेपर लांबूनच फेकतो.

तुझ्या कॉफीबद्दल. तुझ्या परवान्याची प्रत तू मागे माझ्याकडे ठेवली होतीस. शब्दकोश घेऊन बसले. त्यात स्वच्छ लिहिलंय, देशात मोबदला घेऊन कोणतंही काम करायचं नाही. ऑरिन, सोळा डॉलर असोत की सोळाशे. खिळ्यांच्या पुडीत वीस खिळे जास्त आले म्हणून बाबा गाडी काढून नऊ मैल परत गेले होते, आठवतं ना? खिळ्यांपेक्षा पेट्रोल महाग पडलं, पण त्या रात्री ते घोरत झोपले. मी आपल्या पास्टरनाही विचारलं. ते म्हणाले, अर्ज करणारच आहे तर त्यासोबत सगळं खरं खरं लिहून द्यावं, मन हलकं होतं.

तुला योग्य वाटेल ते कर. पण आपल्या घरात लपवाछपवी कधी झाली नाही, एवढं लक्षात ठेव.

कंबरेला गरम पाण्याची पिशवी घे.

मार्लिस


सान पांक्रासियो
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय मार्लिस,

तुझं ऐकलं आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. एकट्या माझ्या पायावर पडला असता तर लंगडत का होईना, हसलो असतो. तो एलादियोच्या पायावरही पडलाय.

पंधरा जानेवारीला अर्ज दिला. सोबत कबुलीजबाब जोडला. दोन पानं, टाईप केलेली, तीन प्रतींत. किती दिवस तोडली, किती मापं, किती पैसे, कुणी दिले. एलादियोचं नाव आडनावासकट घातलं, कारण अर्धी कबुली म्हणजे लबाडीच, असं मला वाटलं. वकीलबाईंना सांगितलं नाही. त्यांनी तो फाडला असता.

मागच्या आठवड्यात दोन नोटिसा आल्या. एक मला, की आपला परवाना का नाकारू नये याचा खुलासा तीस एप्रिलच्या आत करावा. त्यात एक पोटप्रश्नही आहे: 'बर्फ कमी पडल्याने उत्पन्न घटून आपण मजुरीस गेलात काय?' माणूस हुशार आहे, त्याने बँकेचं पत्र नीट वाचलंय. दुसरी नोटीस एलादियोला, की परदेशी माणसाला परवान्याशिवाय कामावर का ठेवलंत. जो दंड होईल त्यात त्याचा पुढच्या वर्षीचा खताचा पैसा जाईल.

सिनियाबाईंनी आधी दार लावून घेतलं, मग आवाज चढवला. "तीस वर्षं वकिली करतेय. चोर पाहिले, दोन बायकांचे नवरे पाहिले. स्वतःविरुद्धची साक्ष टाईप करून तीन प्रतींत देणारा पहिल्यांदा पाहतेय! कुणी मागितली होती?"

"कुणी नाही."

"मग का दिलीत?"

"खरं होतं म्हणून."

"अहो, माझं वजनही खरं आहे! ते मी सरकारला कळवायला जाते का?"



गावाने काही म्हटलं नाही. हेच वाईट. इथे दार वाजवत नाहीत, फाटकाशी उभं राहून 'ऊपे!' अशी हाक देतात. दिवसातून आठ-दहा वेळा मला ती हाक यायची. कुणाला भोपळा द्यायचा असायचा, कुणाला कागद वाचून हवा असायचा, कुणाला नुसतंच बसायचं असायचं. आज सहावा दिवस, एकही नाही. डोन्या फ्लोरिबेत दुकानात मला साखर देते, 'अजून काही?' विचारते, आणि पाठ करते. पूर्वी तिच्याकडून अर्धा किलो साखर आणायला मला पाऊण तास लागायचा. आता एलादियोचा कुत्रा तेवढा येतो. इथल्या रीतीप्रमाणे त्यालाही अहो-जाहो. "या, बसा," म्हणतो. येतात, बसतात.

मी सगळ्यांना सांगतो की हवेसाठी इथे आलो. आई गेल्यावर त्या घरात मला बसवेना म्हणून आलो, हे तुला माहीत आहे. पण राहिलो कशासाठी, ते या सहा दिवसांत कळलं. मला इथून जायचं नाही, मार्लिस. आणि आता राहायला मिळालं तरी कुठल्या तोंडाने राहू? सत्तावन्न वर्षांचा बाप्या ओसरीत बसून रडतोय, आणि कुत्रेसाहेब काळजीने बघताहेत.

बाबा त्या रात्री घोरले असतील. मला झोप नाही.

ऑरिन


आर्डल लेक
२६ फेब्रुवारी १९९८

प्रिय ऑरिन,

डॉन एलादियोंचं वाचून वाईट वाटलं. त्यांचं नाव घालशील असं मला वाटलं नव्हतं.

फार मनाला लावून घेऊ नकोस. परत यावं लागलं तर आभाळ कोसळणार नाही. वरची खोली रंगवून घेतली आहे, फिका पिवळा. सहजच, रंगारी पलीकडे आलाच होता. शाळेत बॉयलर बघायला माणूस शोधताहेत. तुझं नाव मी दिलेलं नाही, नुसती पगाराची चौकशी केली. व्हर्लिनचे हिवाळी बूट तुला होतील, मोजे दोन घातले तर.

घाई काही नाही. विमानाची तिकिटं मेमध्ये स्वस्त होतात असं बँकेतली बाई म्हणत होती.

मार्लिस


सान पांक्रासियो
२१ मार्च १९९८

प्रिय मार्लिस,

बूट ठेवून दे. आशा आहे. पण त्यासाठी मला सर्वांसमक्ष नालायक ठरावं लागणार आहे, आणि काम जोरात चालू आहे.

पहिल्यापासून सांगतो. मी एलादियोकडे गेलो. फाटकाशी मीच 'ऊपे' म्हणालो, चोरासारखा. तो बाहेर आला. म्हटलं, "डॉन एलादियो, मी लिहून देतो की मी खोटं बोललो. तुम्ही पैसे दिलेच नाहीत."

त्याने फाटक उघडलं. मग म्हणाला, "एकदा खरं बोलून माझं वाटोळं केलंत. आता खोटं बोलून करू नका. बसा." त्याच्या बायकोने गुळाचं पाणी आणलं. मी प्यायलो आणि मला ठसका लागला. ती हसली. तो हसला नाही, पण पाठीत थोपटलं जरा जोरातच.

तिथेच ती म्हणाली, "आणि काम, काम काय घेऊन बसलात दोघं? डॉन ऑरिननी तोडलेल्या फळांत निम्मी हिरवी होती! निवडायला मला दोन दिवस बसावं लागलं. काम मी केलं. ह्यांनी केला तो पसारा."

एलादियोने पेला खाली ठेवला, टोपी घातली, आणि आम्ही दोघं तसेच सिनियाबाईंकडे गेलो. बाई ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. कायदा म्हणतो, मोबदला घेऊन काम. काम झालंच नसेल तर? मालकाचं नुकसान झालं असेल, आणि त्याने भिडेखातर चार पैसे हातावर ठेवले असतील तर? तो मालक नव्हे, मी मजूर नव्हे. दोघं शेजारी, त्यातला एक वेंधळा. "आणि मुख्य म्हणजे," बाई म्हणाल्या, "यात एक अक्षर खोटं नाही. म्हणजे डॉन ऑरिन सही करतील."

रविवारी चर्च सुटल्यावर एलादियोच्या अंगणात बाईंनी टेबल मांडलं. साक्षी स्वतः पाहिलेल्याच हव्यात, ऐकीव नकोत, असं बजावलं. मला वाटलं होतं चार-पाच जण येतील. रांग फाटकाबाहेर गेली, मार्लिस! महिनाभर गप्प असलेला गाव माझ्याबद्दल बोलायला मिळतंय म्हणून नुसता फुटला.

चेपा पहिली. "मी ह्यांच्या बाजूच्या ओळीत. फांदी मोडली की हे झाडाला 'माफ करा' म्हणायचे. दिवसभर नुसतं माफ करा, माफ करा! मला वाटलं कुणी प्रार्थनाच म्हणतंय."

फ्लोरिबेत: "माझ्या दुकानात फळी बसवायला आले होते. फळी बसली, भिंत खाली आली."

"पैसे दिलेत?" बाईंनी विचारलं.

"मी? गवंड्याला दिले!"

मास्तर खेरार्दो शुद्ध भाषेत लिहून घेत होते. त्यांनी मसुद्यात मला 'निरुपद्रवी' म्हटलं, तर फ्लोरिबेत भिंतीवरून भांडायला उठली. शेवटी 'सद्हेतूने उपद्रव करणारा' यावर तडजोड झाली. एलादियोची साक्ष सगळ्यांत शेवटी. तो उभा राहिला, टोपी काढली, म्हणाला, "हे गृहस्थ आले तेव्हा माझ्याकडे चौदा माणसांचं काम होत होतं. हे आल्यावर तेरा जणांचं झालं." सगळे पोट धरधरून हसले, मीही हसलो. मग तो खाली बसता बसता म्हणाला, "पण सहा दिवस रोज सगळ्यांच्या आधी आले हो." मास्तरांनी विचारलं, हे लिहू का? बाई म्हणाल्या, अजिबात नको.

सगळ्या गावात टाईपरायटर माझ्याकडेच. म्हणून तेवीस साक्षी मीच टाईप केल्या. 'अर्जदारास कोणतेही काम धड येत नाही', हे वाक्य मी तेवीस वेळा, तेही तीन तीन प्रतींत लिहिलं. बाईंना म्हटलं, टायपिंगच्या चुका सुधारून देतो. म्हणाल्या, "राहू द्या. पुराव्याला उपयोगी पडतील."

आता तुझी गरज आहे. बाई म्हणतात, ही सगळी शेजारची माणसं, भिडेची. लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी पाहिजे, जे शपथेवर सांगेल की हा मूळचाच असा आहे. बँकेतल्या बाईसमोर सही कर, शिक्का घे, आणि पाठव. तीस एप्रिलच्या आत इथे पोचलं पाहिजे. मधे ईस्टरच्या आठवड्यात इथे सगळं बंद असतं, तेव्हा जरा लवकर टाक.

तुला अवघड जाणार नाही. लहानपणापासून तू हेच सांगत आली आहेस, या वेळी फक्त शिक्का मारायचाय.

तुझा, नालायक,
ऑरिन


सान पांक्रासियो
१८ मे १९९८

प्रिय मार्लिस,

राहिलो! दोन वर्षं. एलादियोला दंड नाही. परवा कार्यालयात बोलावलं होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी चोवीसच्या चोवीस साक्षी वाचल्या होत्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "हे सगळं खरं आहे?" मी मान खाली घालून म्हटलं, "हो." त्यांनी शेऱ्यात 'मजुरी नव्हे, शेजारधर्म' असं लिहिलं आणि शिक्का मारला. पुन्हा कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, अशी समजही दिली. बाहेर आल्यावर सिनियाबाई म्हणाल्या, "बेअकलीच्या जोरावर जिंकलेला हा माझा पहिला खटला."

पण तुझ्या कागदाने जीव टांगणीला लावला होता. सहीखाली तारीख सहा एप्रिल, आणि आला एकोणतीसला. मुदतीच्या आदल्या दिवशी! बाईंनी पाकीट टराटरा फाडलं, भाषांतर करून घेतलं आणि तशाच गाडीत बसल्या. मधे ईस्टर आला हे मान्य, पण पोस्टाने ते पाकीट बैलगाडीतून पाठवलं की काय? मी इथल्या पोस्टात चौकशी करणार आहे.

नंतर गावाने हट्ट धरला, बहिणीचं वाचून दाखवा. फ्लोरिबेतच्या दुकानात मास्तरांनी वाचलं. तू जी सुरुवात केली आहेस त्यावर लोक टेबलं बडवत होते. चौदाव्या वर्षी पास्टरांच्या बागेतलं गवत कापायला ठेवलं तर ट्युलिप कापले. दूध डेअरीत तीन आठवडे टिकला, डेअरी कशीबशी टिकली. शाळेत एकोणीस वर्षं शिपाई होता, मुलं त्याला कळायची, फरशी कळायची नाही. (हे तू कधी मला तोंडावर बोलली नव्हतीस.)

मग मास्तरांचा आवाज बदलला. पुढचं तू काय लिहिलं आहेस ते तुला माहीत आहे, पण मला ते परत लिहावंसं वाटतं:

'आमची आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. माझा भाऊ तिला रोज उचलून अंघोळीला नेत असे. तिचे केस तो विंचरत असे, कारण मी ओढते असं ती म्हणायची. चार वर्षांत तिच्या पाठीला एक फोड आला नाही. याचं त्याने कुणाकडून काही घेतलं नाही. म्हणून मी शपथेवर सांगते, की माझ्या भावाने जे काम नीट केलं त्याचे पैसे कधी घेतले नाहीत, आणि ज्याचे पैसे घेतले ते काम त्याला कधी नीट जमलं नाही.'

फ्लोरिबेतने उगाच तराजू पुसला. मी केळ्यांच्या घडाकडे बघत उभा होतो. मग चेपा म्हणाली, "ज्या बाईने हे लिहिलंय ना, तिला तुम्ही परत हवे आहात हो."

मी म्हटलं, "छे! मार्लिसला मी तिसऱ्या दिवशी नकोसा होतो."

ती म्हणाली, "दोन दिवस तर हवे असता."

म्हातारी आहे, काहीतरी बोलते.

तुझे उपकार कसे फेडू सांग. बर्फ पडो, एवढंच म्हणतो, पण मंगळवार-बुधवारी, तुला कुठे जायचं नसेल तेव्हा.

तुझा
ऑरिन


आर्डल लेक
२ जून १९९८

प्रिय ऑरिन,

वाचून आनंद झाला. खरंच झाला, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला ते खरं वाटणार नाही.

पोस्टात चौकशी करू नकोस. पोस्टाची चूक नाही. सहा एप्रिलला बँकेत सही केली, घरी आले, पाकीट चिकटवलं, तिकिटं लावली, आणि चमच्यांच्या खणात ठेवलं. अकरा दिवस ते तिथे होतं. रोज सकाळी चमचा काढताना दिसायचं. तुझी मुदत मला पाठ होती. मला काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं, बाकीचं आपोआप झालं असतं. तू चिडलेला, हरलेला आला असतास, पण आला असतास.

आणि पास्टरना मी कधी विचारलंच नव्हतं. डिसेंबरात तुझं पत्र आलं तेव्हा मी तो मासा खात होते, तिसरा दिवस. त्या रांगेत तू खूश होतास असं तू लिहिलं होतंस. कित्येक वर्षांत झालो नव्हतो एवढा, असं. मला तुझा राग आला. खिळ्यांची गोष्ट खरी आहे, पण मी ती खरेपणासाठी सांगितली नाही. परवान्यात काय लिहिलंय ते वाचलं होतं, तू कबूल केलंस तर काय होईल तेही कळत होतं. डॉन एलादियोंचं नाव येईल हे सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर थांबले असते का, ते मला माहीत नाही. त्यांना हे सांगायचं की नाही ते तू ठरव.

तुम्ही सगळे तुला नालायक ठरवायला अंगणात जमला होतात, आणि नालायकपणा केला तो इथे, आर्डल लेकमध्ये, चर्चच्या कॉफी समितीच्या अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे मी.

सतराव्या तारखेला खण उघडला तेव्हा माझ्याकडची शपथपत्राची प्रतही वर आली. उभ्या उभ्याच वाचली. आईच्या केसांपाशी आले. चार वर्षं एका म्हातारीला सांभाळून तू जरा कुठे लांब जाऊन बसला होतास, आणि मी तुला दुसऱ्या म्हातारीसाठी परत ओढत होते. खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती. मी गाऊनवर कोट चढवला, पायात व्हर्लिनचे बूट घातले आणि पोस्टात गेले. पोस्टमास्तर खिडकी बंद करत होता. मी ती हाताने धरून ठेवली. पोस्टमास्तर अजून लोकांना सांगत सुटलाय.

तुझी चेपा म्हातारी आहे म्हणून काहीतरी बोलत नाही. तिला माझा नमस्कार सांग.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू लगेच 'जाऊ दे गं' म्हणाला असतास आणि मग हवामानाबद्दल बोललो असतो. मला जाऊ द्यायला नको आहे. तू चीड, हवं तेवढं बोल. फक्त फोन करू नकोस. शिव्या घालायच्या त्या पत्रात घाल, दोन्ही बाजूंनी लिही. फोन ठेवला की घरात परत कुणी नसतं. पत्र मला पुन्हा काढून वाचता येतं.

मार्लिस